तांदळात बुडालेलं नाव

पटणार नाही तुम्हाला. या दाजी तांडेलाच्या तोंडून आलेली गोष्ट आजवर खाजणवाडीत कोणाला पटली आहे, की ही पटावी? पण एसटी यायला अवकाश आहे, ऊन अजून कोवळं आहे, आणि तुम्ही परगावची माणसं आहात. तेव्हा बसा या जुन्या धक्क्यावर. हसायचं असेल तर पदराआड, रुमालाआड हसा. कारण जिची ही गोष्ट, ती होडी तिथे समोर, कांदळाच्या झाडांखाली उभी आहे, आणि त्या होडीला कान आहेत.

त्या पौषात खाडीवर धुकं उतरलं. शुभ्र, शीतल, शब्दशोषी धुकं. आकाशाने आपली सारी पांढरी वस्त्रं एकाच पहाटे धुतली आणि खाडीवर वाळत घातली. माड गेले, डोंगर गेला, देवळाचा कळस गेला. पैलतीर गेला, आणि मग ऐलतीरही गेला. उरलं ते नुसतं एक दुधाळ, दिशाहीन, देहहीन असणं.

इतकं दाट, की पाणकावळे येऊन धुक्यावरच बसले आणि पंख पसरून वाळवू लागले. पायाखाली काठी नाही हे उडून जाईपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं नाही. इतकं दाट, की पेडव्यांच्या, त्या इवल्या माशांच्या, एका थव्याला पाणी कुठे संपलं ते कळलंच नाही. तो रुपेरी, चंचल, चमचमता थवा धुक्यातून पोहत पोहत माडांच्या शेंड्यांपर्यंत गेला. नारळ पाडायला चढलेल्या माणसाने त्या दिवशी नारळांबरोबर कालवणही खाली आणलं. विचारा कोणालाही. नको, विचारू नका.

त्या धुक्याच्या गाभाऱ्यात एक होडी होती, आणि होडीत एक बाई.

होडी म्हणजे इथली जुनी तर, माणसांना खाडीपार नेणारी. पूल नव्हता तेव्हा हीच पूल होती. वऱ्हाडं, बाळंतिणी, बकऱ्या, शाळेची पोरं, पाटावरचे गणपती, सगळं तिने या काठाहून त्या काठाला अलगद नेलं. मग खाडीच्या छातीवर सिमेंटचा पूल उभा राहिला, आणि जिने साऱ्या गावाला पार केलं ती स्वतः अलीकडेच राहून गेली.

तिच्यावर वल्हं मारणारा भार्गव तारी दोन पावसाळ्यांमागे गेला. उरली त्याची बायको, इंदुमती, खाडीची काकी. मूल नाही, बाळ नाही. शहरातल्या दिराने खोली देऊ केली, खिडकीची, पंख्याची, नळाची. काकी म्हणाली, "भावजी, तुमची जमीन हलत नाय. माका झोप येवची नाय." आणि ती होडीत राहायला गेली.

माडाच्या चुडतांचं कमानदार छप्पर. लोखंडी घमेल्यात वाळू, वाळूवर चूल. रॉकेलच्या जुन्या डब्यात तुळस. दोरीवर एक लुगडं, वाऱ्याने फुगणारं, वारा पडला की गळून जाणारं. भरती आली की होडी वर जाई, ओहोटी लागली की खाली येई. दिवसातून दोनदा कोणीतरी काकीला हळूच उचलून घ्यावं आणि हळूच खाली ठेवावं, तसं. आणि कोणीच नसे. पाणी असे, पाण्यावरचं आभाळ असे, आणि आभाळाखाली ती एकटी, आपल्याच घराच्या तळाशी ऐकत बसलेली.

सगळं होतं त्या होडीला. नाव तेवढं नव्हतं. सरकारी तर ती. अंगावर एक काळा आकडा रंगवलेला, ऊनपावसाने अर्धा खाल्लेला. आणि आकड्याला काय कोणी हाक मारतं?

आता या खाडीचा रिवाज तुम्हाला ठाऊक नसणार. इथे पाण्यावर माणसाचं नाव घेत नाहीत. घेतलं की पाणी ते शिकतं. लाटेलाटेला सांगतं, शेवाळाला शिकवतं, आणि मग कधीतरी, तुम्ही एकटे असताना, त्याच नावाने तुम्हाला आत बोलावतं. म्हणून जिवंत माणसाचं नाव इथे होडीवरही घालत नाहीत. देवाचं घालतात, नदीचं घालतात, गेलेल्या जिवाचं घालतात. आणि पाण्यावर माणूस माणसाला ओळखतो तो त्याच्या होडीच्या नावाने.

धुक्यात तर हाक मारावीच लागते. कुठली होडी कुठे नांगरलेली असते हे ज्याला त्याला पाठ. त्या जागेजवळ आलं की तिचं नाव घेऊन साद घालायची. आतल्या माणसाने 'ओ' द्यायची. आणि त्या 'ओ'ला वळसा घालून सुकाणू फिरवायचं. डोळे मिटलेल्या खाडीचं ते कानांनी चालणं.

त्या पौषातल्या सकाळी मासेमार पास्कूच्या होडीची चोच काकीच्या होडीच्या कुशीत घुसता घुसता राहिली. लाकडावर लाकूड घासलं. तुळस आडवी झाली. चुलीवरची पेज सांडली.

"काकी गो! मरत होतंस मगे आता!" पास्कू ओरडला. तो दिसत नव्हता; नुसता आवाज, धुक्याला चिकटलेला.

"हाक मारूक काय झाला तुका?"

"कोणाक मारू? तुझ्या होडयेक नाव खंय आसा? आकड्याक काय म्हणान हाक मारू? नाव घाल गो बाय, नायतर एक दिस आरपार जाईन!"

आणि वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज दूर गेला, विरला, मिटला.

काकी खरवडलेल्या फळीवर हात ठेवून बसली. ओलं, जखमी, केशरी लाकूड. इतके दिवस तिला वाटायचं, हाक मारायला कोणी येत नाही. त्या सकाळी कळलं, कोणी आलंच तर त्याच्यापाशी तिच्यासाठी शब्दच नाही.

*

नावं सुचवायला माणसांचा तोटा नसतो. ज्यांनी दोन पावसाळ्यांत होडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते धक्क्यावर उभे राहून नावं फेकू लागले, कोंबड्यांना दाणे फेकावेत तशी.

दिराने फोनवर सांगितलं, "वहिनी, दादाच्या आठवणीत घाला. 'भार्गव कृपा'. भारदस्त वाटतं." पास्कू म्हणाला, "सांता मारिया घाल, ती सगळ्यांकच बघता." मासे विकणारी मथुरा डोक्यावरची पाटी सांभाळत, पान चघळत म्हणाली, "सासयेचा घाल गो. बुडली तरी रडूक नको!" आणि काकी कितीतरी दिवसांनी हसली, त्या हसण्याने बगळे दचकून उडाले.

सांजवेळी, पाणी जांभळं होताना, काकी ती नावं एकेक करून होडीला ऐकवी. आणि हे तुम्हाला मुळीच पटणार नाही, पण होडी उत्तर देई. 'भार्गव कृपा' म्हटल्यावर तिने एक दीर्घ, दमलेला सुस्कारा सोडला आणि बुडाशी ओंजळभर पाणी घेतलं. धक्क्यावरून आणखी कोणी सुचवलेल्या 'सागरकन्या'वर शिंकली. 'सांता मारिया'ला अदबीने मान लववली, पण जागची हलली नाही. सासूचं नाव ऐकताच नांगराचा दोर कचकन् ताणला गेला, आणि काकीने घाईघाईने तोंडावर हात ठेवला.

नावं संपली. संध्याकाळी संपल्या नाहीत.

आणि मग एका संध्याकाळी, पाणी जांभळ्याचं काळं होण्याआधीच्या त्या क्षणभर थबकलेल्या उजेडात, तांदूळ निवडता निवडता, काकीची बोटं सुपात थांबली.

तांदूळ. शुभ्र, अखंड, अबोल तांदूळ.

मांडवात असंच एक ताट होतं तांदळाचं. आंब्याच्या डहाळ्या होत्या, सनई होती, हळदीचा ओला वास होता. नवऱ्या मुलाने अंगठी धरली आणि त्या शुभ्र कणांमधून एक नाव ओढत नेलं: इंदुमती. देखणं नाव. पौर्णिमेसारखं गोल, वळणदार, परकं. बायका म्हणाल्या, वा! ताट उचललं गेलं, तांदूळ सरकले, अक्षरं बुजली. तेच तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले, वाढले गेले, खाल्ले गेले. आणि त्या तांदळांखाली दुसरं एक नाव गाडलं गेलं होतं, त्याची कोणाला आठवणही झाली नाही.

दुसऱ्या सकाळी सासूने परसातून हाक मारली, "इंदुमती!" नवी नवरी अंगणात उभी होती. वळलीच नाही. तिला वाटलं, असेल घरात कोणी इंदुमती. "बहिरा चेडू आणलंस काय रे?" सासू लेकाला म्हणाली, आणि सगळं घर हसलं. तीही हसली. त्यानंतर ती हाकेसरशी वळायला शिकली. इतकी चपळ, इतकी निमूट वळायला शिकली, की नाव घ्यायची कोणाला गरजच उरली नाही.

भार्गव भला माणूस. पण रिवाजाचा. घरात "आयकलंस गो", पाण्यावर तेवढंही नाही. मग ती वैनी झाली, मग काकी झाली. इंदुमती रेशनकार्डावर राहिली. आणि ते तांदळाखालचं नाव? ते जिच्या ओठांवर होतं ती आई गेली. चिडवताना ते नाव तोडून मोडून घेणारा भाऊ गेला. ज्यांच्या तोंडात ते जिवंत होतं ती तोंडं एकेक करून मिटली, संध्याकाळी फुलं मिटावीत तशी, सावकाश, तक्रार न करता.

तिचं माहेर आत, तांबड्या डोंगराच्या कुशीत. तिथे सुरंगीचं बन. फागुनात त्या झाडांची खरबरीत, करडी खोडं अंगभर फुलायची. फांदी फांदीला चिकटून पिवळे, परागभरले, गंधगहिरे झुबके. कळी उमलायच्या आधी, पहाटेच्या अंधुक उजेडात काढावी लागे. मग ती वळेसराच्या गजऱ्यात, केसांत, माणसाच्या अंगावर उमले. त्या फुलांच्या दिवसांत मुलगी झाली, म्हणून आईने नाव ठेवलं, सुरंगी.

काकीने ओठ उघडले. जिभेखाली जन्मभर धरलेली बी बाहेर काढावी, तसा तो शब्द बाहेर आला. आधी अडखळला, मग ओला झाला, मग उभा राहिला.

"सुरंगी."

आणि होडी वळली. भरती चढत होती, सगळ्या होड्यांची तोंडं समुद्राकडे होती, आणि ही एकटी होडी नांगराभोवती हळूच, लाजत, पूर्ण वळली आणि डोंगराकडे, सुरंगीच्या बनाकडे तोंड करून उभी राहिली. खोटं वाटतंय? वाटू दे.

पण काकीला रिवाज आठवला. जिवंत बाईचं नाव. पाणी ऐकत होतं. काळोखाच्या काठावर, फळीच्या पलीकडे, एका बोटाच्या अंतरावर पाणी कान देऊन ऐकत होतं. आता ते शिकेल. आता ते लाटेला सांगेल. आणि एखाद्या दिवशी तिला तिच्या खऱ्या नावाने बोलावेल.

तिने उरलेले तांदूळ निवडून संपवले. मग सूप बाजूला ठेवून, पाण्याकडे वाकून म्हणाली, "शिक. शिक बाबा. कोणाक तरी माझा नाव येवंदे."

*

दिगंबर पेंटर आला तो रंगाचे डबे वाजवत. खाडीतल्या झाडून सगळ्या होड्या त्याच्या हातच्या. त्याचा हात देवांना इतका सरावलेला, की फळीला कुंचला टेकताच काकी काही बोलायच्या आत त्याने 'श्री' काढून टाकला.

"अरे, श्री नको घालू."

"मगे पुसू? देवाक पुसू?"

"पुसू नको. बाजूक सरकव."

म्हणून बघा, त्या होडीवरचा श्री अजून एका कडेला, दारात ताटकळलेल्या पाहुण्यासारखा अंग चोरून उभा आहे.

काकीने रंग सांगितला: पिवळा. हळदीचा नको, झेंडूचा नको. पराग बोटाला लागल्यावर दिसतो तो. दिगंबरने तीनदा मिसळला, तीनदा ओतला. चौथ्यांदा काकीने बोट बुडवून उन्हात धरलं आणि मान हलवली.

"सुरंगी कोण गो काकी?" पहिलं अक्षर ओढता ओढता त्याने विचारलं.

"होता एक चेडू."

"गेला?"

"तांदळात बुडाला."

दिगंबरचा कुंचला थांबला. त्याला त्यातलं काही कळलं नाही, पण गेलेल्या जिवाचं नाव आहे एवढं कळलं. त्याने टोपी काढली, रंगाच्या हातांनीच नमस्कार केला. "लहान असतला," तो हळहळत म्हणाला.

"लहानच होता," काकी म्हणाली, आणि तोंड फिरवून तुळशीला पाणी घालू लागली. तुळशीला सकाळीच घातलं होतं.

*

आणि मग काय व्हावं? आभाळ उघडलं.

निर्मळ, निष्ठुर, निरभ्र सकाळी. काचेसारखं पाणी, कोरलेले डोंगर, मोजून घ्यावेत असे माड. धुक्याची एक चिंधीसुद्धा नाही. होड्या येत, दुरूनच बघून वळून जात; डोळ्यांना दिसत असताना हाक कशाला मारायची? पिवळी अक्षरं उन्हात झळझळत, आणि कोणी ती उच्चारत नसे. पोपटाला पिंजरा मिळाला होता, बोलायला दिवस मिळत नव्हता.

काकी पहाटेच उठे. वेणी घाली. छपराच्या तोंडाशी, गुडघे छातीशी घेऊन, पूर्वेकडे बघत बसे. जगात सगळे उजेडाची वाट बघतात, ती एकटी अंधूक होण्याची वाट बघे. उजेड लख्ख येई. ती चूल पेटवी. पेज पिई. भरती तिला उचलून घेई, ओहोटी तिला खाली ठेवी.

त्यात पास्कूने होडीला यंत्र बसवलं आणि खाडीच्या तोंडाशी नव्या जेटीवर मुक्काम हलवला. जाताना तो किनाऱ्याकिनाऱ्याने गेला. यंत्राच्या धडधडीत त्याने काहीतरी ओरडून सांगितलं, हात हलवला. काकीनेही हलवला. त्याच्यामागे दुसरे गेले, तिसरे गेले. कांदळाच्या सावल्यांत रिकाम्या नांगरजागा उरल्या. पाण्यावर गोल गोल उमटणाऱ्या, मिटणाऱ्या.

आता नाव होतं. आता हाक मारायला कोणी नव्हतं.

आणि माघ सरता सरता, एका पहाटे, ते परत आलं. आधी पाण्यावरून तरंगणाऱ्या श्वासासारखं, मग शालीसारखं, मग भिंतीसारखं. तेच शुभ्र, शीतल, शब्दशोषी धुकं. माड गेले. डोंगर गेला. कांदळं गेली. काकीला स्वतःचे पाय दिसेनात. ती बसली. सगळं अंग कान करून बसली.

काही नाही.

दवाचा एक थेंब छपरावरून पडला. दूर कुठे खंड्या चुकून बोलला आणि ओशाळून गप्प झाला. काही नाही. पाणी फळीला लागत होतं, सुटत होतं. लागत होतं, सुटत होतं. ते सुद्धा बोलावत नव्हतं. शिकून विसरलं असेल. तिच्या मनात आलं, एवढी हौस करायला नको होती. आकडाच बरा होता. आकड्याला कोणी हाक मारली नाही तर वाईट वाटत नाही.

आणि मग, चुबुक. चुबुक. वल्हं.

जुनं वल्हं, संथ वल्हं. जवळ आलं. थांबलं. पाण्यावरून नुसतं थेंब गळण्याचं टिपटिप ऐकू आलं. कोणीतरी घसा साफ केला. आणि मग:

"सुरंगीऽऽऽ"

आवाज म्हातारा होता. चिरका, शेवटाला थोडा फाटलेला. कोणाचा होता? असेल कोणाचा तरी. ते काय एवढं महत्त्वाचं नाही.

पण तो शब्द! तो धुक्यातून आला, सुरंगीच्या कळीसारखा मिटलेला आला, आणि तिच्या अंगावर उमलला. पहिलं अक्षर तिच्या कपाळाला लागलं, दुसरं गळ्याला, आणि तो लांब, लांबत गेलेला शेवटचा स्वर तिच्याभोवती फिरला, वळेसर गुंफावा तसा. परसातल्या हाकेला न वळलेली ती मुलगी, इतकी वर्षं अंगणात पाठ करून उभी राहिलेली ती मुलगी, वळली.

"ओऽऽऽ"

तो काकीचा आवाज नव्हता. परकर पोलक्यातला आवाज होता तो. डोंगर उतरून धावत आलेला, धापा टाकणारा. त्याने धुकं टराटरा फाटलं. माडांच्या शेंड्यांत अडकलेले पेडवे रुपेरी सरींनी खाली कोसळले. फागुन अजून लागला नसताना साऱ्या खाडीला सुरंगीचा वास आला, इतका, की पुलावरून जाणाऱ्या एसटीच्या डायव्हरने गाडी थांबवली आणि उतरून पाण्याकडे बघत राहिला.

आणि तेव्हापासून सांगतो मंडळी, एकही सकाळ सुनी गेलेली नाही. पास्कू नव्या जेटीवरून खास वळसा घालून येतो आणि हाक मारतो. पाठोपाठ सगळ्या होड्या मारतात. गोव्याकडे जाणाऱ्या लाँची भोंगे थांबवून मारतात. बंदरावरचे साहेब मारतात, आकाशातून जाणारी घार मारते. पहाट झाली की खाडीच्या या मुखापासून त्या मुळापर्यंत एकच नाव दुमदुमतं, आणि ती बाई, बिचारी, 'ओ' देता देता दमून जाते, इतकी माणसं, इतकी माणसं तिला...

"खोटा!"

आवाज कांदळांखालून आला. छपराच्या तोंडाशी काकी उभी होती, हातात सूप, सुपात तांदूळ.

"खोटा सांगता तो," ती धक्क्यावरच्या माणसांना म्हणाली. "कोण येता हयसर? पास्कू गेलो तो गेलोच. एकच हाक येता सकाळची. एकाच मेल्याची."

माणसं दाजीकडे बघू लागली. दाजी खाली, धक्क्याला बांधलेल्या आपल्या डोंगीकडे आणि तिच्यात आडव्या टाकलेल्या जुन्या वल्ह्याकडे बघू लागला.

"आणि दाज्या," काकीने सूप कमरेवर घेतलं, आवाज जरा उतरला, "धुक्यात मारतंस ती ठीक आसा. पण आज खंय होता धुका? काल खंय होता? लख्ख उन्हात, मी समोर दिसत असताना, हाक मारतंस ती कित्याक रे?"

पुलावर एसटी आली, थांबली, वाजली. कोणी उठलं नाही.

ऊन वर आलं होतं. पाणी स्वच्छ होतं, तळापर्यंत स्वच्छ. त्यात पिवळी अक्षरं उलटी पडली होती. हलत होती, हलत होती, आणि बुजत नव्हती.